इंजेक्शन रूममध्ये एवढं विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विवाहितेच्या मृत्यूची बातमी आपल्यासह सगळ्याच दैनिकांत येते, तेव्हा शेवटी एक ओळ हमखास असते: ‘मृत महिला काही वर्षांपासून मानसिक आजारावर उपचार घेत होती, असे नातेवाइकांनी सांगितले.’ ही ओळ आली की वाचक पान उलटतो, कारण सापडलेलं असतं. मी निवृत्त परिसेविका आहे आणि नोकरीतला बराच काळ मनोविकार विभागात गेला, म्हणून मला तिथूनच पुढे वाचायचं असतं. उपचार घेत होती, म्हणजे महिन्यातून एकदा तरी कुठल्यातरी सिस्टरच्या समोर ती येत असणार. त्या सिस्टरनं तिला घरातल्या माराबद्दल कधी विचारलं होतं का? बहुतेक नसेल. विचारायचं असतं, हे सिस्टरला कुणी सांगितलेलंच नसतं.

मनोविकाराची ओपीडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडची गावं, शहरातली विडी घरकुलं, नीलम नगर, अशोक चौक, सगळीकडून माणूस आलेला असतो. बाई एकटी क्वचितच येते. सोबत नवरा, सासू, नाहीतर मोठा दीर. डॉक्टरांचे प्रश्न जातात ते सोबतच्या माणसाला: झोपते का, जेवते का, बडबड कमी झाली का, गोळ्या घेते का. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. उठता उठता तिलाही एक प्रश्न होतो, “काय बाई, घरी सगळं ठीक?” शेजारी नवरा उभा. ती “हो” म्हणते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. डॉक्टरांना मी दोष देत नाही. टेबलावर केसपेपरचा एवढा ढीग असताना त्यांनी तरी काय करावं?

पण त्याच ओपीडीत एक जागा अशी आहे, जिथं बाई बाईसोबत एकटी असते. काही रुग्णांना रोजच्या गोळ्यांऐवजी दोन किंवा चार आठवड्यांनी डिपो इंजेक्शन देतात, फ्लुफेनाझिनचं किंवा हॅलोपेरिडॉलचं. औषध तेलात असतं, दाट असतं, कमरेखाली खोल स्नायूत सावकाश ढकलावं लागतं. साडी सैल करायची म्हणून पडदा ओढला जातो, नवरा आपणहून बाहेर थांबतो. सासू दारात रेंगाळलीच तर “आजी, तुम्ही जरा बाकावर बसा” म्हटलं की काम होतं, कुणाला संशय येत नाही. शिवाय अंगावरचं जे दिसायचं तेही इथेच दिसतं. मारणारा दर वेळी तोंडावरच मारतो असं नाही. साडीखाली काय झाकतं ते मारणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. सुईसाठी जागा बघताना मांडीच्या मागच्या बाजूला पट्ट्याच्या कडेची सरळ रेघ दिसली, शेजारी पिवळा पडत आलेला जुना डाग दिसला, तर “पडले हो सिस्टर” हे उत्तर ऐकून पुढच्या रुग्णाकडे वळायचं, की स्पिरिटचा बोळा दाबून धरलेल्या त्या एका मिनिटात अजून एक वाक्य बोलायचं, एवढाच प्रश्न असतो. माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्याबद्दल आहे.

एका विडी कामगार बाईची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून दोघी-तिघींचे तपशील एकात मिसळले आहेत. विडीचं काम सोलापूरकरांना सांगायला नको. पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, सूत गुंडाळून तोंड मुडपायचं. सगळा खेळ बोटांचा. मजुरी हजार विड्यांमागे, आणि विड्या जमा करायच्या ब्रँचमध्ये तपासणारा छाट, म्हणजे नापास विड्या, काढतो ती वेगळी. ही बाई आजाराआधी दिवसाला हजार विड्या सहज वळायची. आवाज ऐकू यायला लागले, उपचार सुरू झाले, आवाज गेले. तिची भीती गेली, ती न्हाऊन-धुऊन नीट राहू लागली. आमच्या दृष्टीनं केस उत्तम. पण औषधानं तिची बोटं ताठ झाली. आमच्याकडे नेहमी दिसणारी गोष्ट: हालचाल मंदावते, हात कापतो. हजाराची विडी पाचशे-सहाशेवर आली. त्यातही छाट वाढली. मग सासूची बोलणी, आणि शनिवारी हिशेब झाला की नवऱ्याचा हात.

तिनं स्वतः शोधलेला उपाय म्हणजे गोळ्या बंद करणं. बोटं मोकळी झाली, आकडा भरायला लागला, मार थांबला. काही आठवड्यांनी आवाज परत आले. नवरा घेऊन आला, केसपेपरवर शेरा पडला की रुग्ण गोळ्या घेत नाही. डोस वाढला, पुढे डिपो इंजेक्शन सुरू झालं. ते काही गुपचूप टाकून देता येत नाही. बोटं पुन्हा ताठ.

हे मला कळलं ते पडद्यामागे, तेही एका खेपेत नाही. आधी ती पडलेली असायची, मग मोरीत घसरलेली असायची. एकदा मी माराचा विषयच काढला नाही, नुसतं विचारलं की काम कसं चाललंय. तिनं हात पुढे केला. “थरथरलालाय बघा सिस्टर, पत्ती धरताच येईना. आकडा भरंना झाला की घरात...” एवढं बोलून ती थांबली, साडी नीट करायला लागली. पुढचं मी विचारलं आणि तिनं मान हलवली.

डॉक्टरांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी डोस कमी केला, ताठरपणा जाण्यासाठी ट्रायहेक्सीफेनिडिलची गोळी जोडली. बोटं बऱ्यापैकी सुटली. मार पूर्ण थांबला असं मी म्हणणार नाही, मला तसं माहीत नाही. पण पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला ती समाजसेवा अधीक्षकांशी बोलायला तयार झाली, आणि माहेरच्या भावाला काय चाललंय ते कळलं. औषध का सोडलं या प्रश्नाचं उत्तर या बाबतीत घरातल्या माराशी बांधलेलं होतं. मार कळल्याशिवाय आजार आटोक्यात येणारच नव्हता. घरगुती हिंसेचा विषय निघाला की “हे आमचं काम नाही, पोलिसांचं आहे” म्हणणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हीच केस सांगायची.

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मनोरुग्ण बाईचं बोलणं खरं मानायचं कसं? “नवरा माझ्या जेवणात काहीतरी घालतो,” असं सांगणाऱ्या बाया आमच्याकडे खूप येत. संशयाच्या आजारात हे ठरलेलं वाक्य आहे. पण नातेवाईक भाजीत, चहात गोळ्या कुटून घालतात, हेही ओपीडीत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिला भाजी कडू लागते ती खरंच कडू असते. म्हणून आजारी आहे तेव्हा सांगते ते भ्रमच, असा नियम लावू नये. आणि सांगते ते सगळं शब्दशः खरं, असाही लावू नये. विचारावं, अंग तपासावं, ती थोडी बरी झाल्यावर पुन्हा विचारावं. एकच बाई आजारीही असू शकते आणि मारही खात असू शकते. खरं तर घरात ज्याला मारायचं आहे त्याला बायकोच्या आजारासारखी दुसरी सोय नाही. ती शेजारणीला सांगते, तर तो म्हणतो, “वेडी आहे.” ती माहेरी सांगते, तर तो म्हणतो, “गोळी चुकली वाटतं.” तिला साधा राग आला तरी “आज औषध घेतलंस का?”

सगळेच नवरे असे असतात, असं म्हणण्याइतकी मी आंधळी नाही. रात्रपाळी करून आलेला लूमवरचा कामगार, बायको चार रात्री झोपलेली नाही, पोरं रडतायत, आणि एक दिवस त्याचा हात उठतो. असा माणूस माझ्यासमोर ढसाढसा रडलाय. त्यालाही कुणीतरी वेगळं बसवून विचारायला हवं, त्याच्याही झोपेची सोय बघायला हवी. पण तो दमला आहे म्हणून तिला विचारायचंच नाही, हे बरोबर नाही.

हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात नैराश्य असलेल्या स्त्रियांच्या वाट्याला आयुष्यात जोडीदाराकडून हिंसा आलेली असण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सुमारे पावणेतीन पट दिसली होती. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायांपैकी कुणाकडे तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. म्हणजे त्या आपणहून सांगायला येतील, अशी वाट बघत बसण्यात अर्थ नाही. काही डॉक्टर सांगतात, प्रत्येक बाईला विचारत सुटा असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. बरोबर आहे. त्यांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत दवाखान्यात येणाऱ्या सरसकट प्रत्येकीला विचारा असं नाही. पण जो त्रास हिंसेमुळे झालेला किंवा वाढलेला असू शकतो, त्या त्रासाच्या बाईला विचारा, असं आहे. आणि त्यात नैराश्य, चिंता, स्वतःला इजा करणं, आत्महत्येचा प्रयत्न हे सगळं येतं. मनोविकाराच्या ओपीडीत मग राहिलं कोण? त्याच सूचनांत अटीही आहेत: एकांत हवा, विचारणारी हे विचारायला शिकलेली हवी, पुढे पाठवायला जागा हवी. या अटी मला पूर्ण मान्य आहेत. नवऱ्यासमोर विचारण्यापेक्षा न विचारलेलं बरं.

कसं विचारायचं? “तुमच्यावर कौटुंबिक हिंसाचार होतो का?” असं विचारलं तर आपल्याकडची कुठलीही बाई नाहीच म्हणेल. मी साध्या गोष्टींपासून सुरू करायची. गोळ्या तुमच्या हातात असतात की दुसऱ्या कुणाच्या? विडीचे पैसे कोण आणतं? माहेरी फोन करता येतो का? मग, “घरात कुणाची भीती वाटते का?” आणि शेवटी सरळ, “कुणी हात उगारतं का?” हो म्हणाली तर “मग तुम्ही काय केलंत?” हा प्रश्न चुकूनही नाही, कारण त्यात दोष तिच्याकडे जातो. “बरं केलंत सांगितलंत, यात तुमची चूक नाही,” एवढं म्हणायचं आणि आज घरी जायला धोका आहे का ते विचारायचं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. इथं बऱ्याच बायका मनातलं तेलुगूत नाहीतर कन्नडमध्ये बोलतात. मराठी येणारी सिस्टर आणि मराठी न येणारी सून यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभी असते सासू! मी प्रश्न विचारायची तिला, उत्तर द्यायची ही. माझ्या घरी तेलुगू बोलतात म्हणून माझं निभावलं. “इंट्लो एवरैना कोडतारा?”, म्हणजे घरात कुणी मारतं का, असं हळूच विचारलं की ती चमकून बघायची, आणि बघण्यातच निम्मं उत्तर असायचं. तेलुगू, कन्नड, उर्दू येणाऱ्या सिस्टर आपल्या रुग्णालयांत भरपूर आहेत. ड्यूटी लावताना मनोविकार विभागात अशी एक तरी ठेवणं मेट्रनना अशक्य नाही.

दुसरी गोष्ट केसपेपरची, आणि ही फार कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे ओपीडीचा कागद रुग्णासोबत घरी जातो, म्हणजे नवऱ्याच्या पिशवीत जातो. हौशीनं त्यावर ‘पती मारहाण करतो’ असं लिहून दिलं तर संध्याकाळपर्यंत तो कुणीतरी वाचलेला असतो. इंग्रजीत लिहिलं म्हणून सुटका नाही, घरात शिकणारी पोरं असतात. हे विभागातच राहणाऱ्या, कुलपातल्या वहीत लिहावं. केसपेपरवर एखादी खूण, जी फक्त विभागातल्या माणसांना कळेल. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ गोपनीयतेचा हक्क रुग्णाला देतो, आणि रुग्ण म्हणजे तिचा नवरा नव्हे.

याच कायद्यातली एक तरतूद प्रत्येक सिस्टरला पाठ हवी. कलम १४ प्रमाणे सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूनं उभं राहणारं माणूस, स्वतः निवडता येतो. त्याला वकील लागत नाही की स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावर नाव आणि सही किंवा अंगठा पुरतो, आणि नंतर बदलताही येतो. बहीण, भाऊ, मैत्रीण, कुणाचंही नाव देता येतं. तरी रिवाज असा पडलाय की विवाहित बाईसाठी नवरा हाच प्रतिनिधी धरायचा, मग मारणारा तोच असला तरी. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला विकल मनाचं ठरवता येत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. “तू वेडी, कोर्टात तुझं कोण ऐकणार?” या धमकीला उत्तर म्हणून ते तिला सांगायला हवं.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदाही रुग्णालयाला बाजूला बसू देत नाही. त्याखालच्या २००६ च्या नियमांप्रमाणे घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखानं तो नमुना १ मध्ये भरून या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे, आणि तपासणी अहवालाची प्रत बाईला मोफत द्यायची आहे. किती ठिकाणी हा नमुना टेबलाच्या खणात तरी आहे, ते कुणीतरी जाऊन बघावं. मला विचाराल तर मी नोकरीत असताना तो प्रशिक्षणाच्या कागदांतच पाहिला.

सिस्टर लोकांची बाजू मला माहीत आहे, मी त्यांतलीच. एका सिस्टरच्या अंगावर दोन वॉर्ड, वर रजिस्टरं, वर नातेवाइकांची अरेरावी. विचारलं आणि ती हो म्हणाली तर पुढे काय, ही भीतीही खरी आहे. एमएलसी केली, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद केली, पोलिसांनी नवऱ्याला बोलावून समज दिली आणि त्या रात्री बाईनं डबल मार खाल्ला, असं घडलेलं आम्ही ऐकलंय. आसरागृहात पाठवावं तर मानसिक आजार ऐकून तिथले लोक मागे सरतात. आणखी एक, जे बैठकीत कुणी बोलत नाही: काही सिस्टर स्वतः घरी मार खातात. त्यांना हा प्रश्न दुसऱ्या बाईला विचारणं किती जड जात असेल! म्हणून नुसतं परिपत्रक काढून उद्यापासून विचारा म्हटलं तर रकान्यात ‘नाही, नाही, नाही’ भरलं जाईल आणि आकडेवारी छान दिसेल.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं पंचवीसेक वर्षांपूर्वी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, तेव्हा तिथल्या परिचारिकांनाही आधी शिकवावंच लागलं. रुग्णालयातच बसणारी समुपदेशक असल्यानं तिथं बाईला “पोलिसात जा” असं सांगून वाटेला लावावं लागत नाही. दवाखान्यात गेले होते, एवढंच ती घरी सांगते. सोलापुरात मोठं केंद्र उभं राहीपर्यंत थांबायची गरज नाही. हिंसा सोसणाऱ्या बायांसाठीच्या सरकारी सखी वन स्टॉप सेंटरची समुपदेशक किंवा संरक्षण अधिकारी आठवड्यातून एक ठरलेला दिवस मनोविकार ओपीडीच्या शेजारच्या खोलीत बसली, आणि डिपो इंजेक्शनचा वार तोच ठेवला, तरी खूप होईल. अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक आणि महिला व बालविकास कार्यालय यांनी एकत्र बसून ठरवायची ही गोष्ट आहे. यात खर्च म्हणावा तर एक टेबल, एक कुलपाचं कपाट, आणि इंजेक्शन रूमचा तो फाटका पडदा बदलायचा.

ज्या बाया हे वाचतील त्यांच्यासाठी: महिला हेल्पलाइन १८१, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. नंबर शक्यतो शेजारणीच्या किंवा बहिणीच्या फोनवरून लावा. स्वतःच्या फोनवरून लावला तर नंतर यादीतून काढून टाका.

ज्या कुणा रुग्णालयाला आपल्या सिस्टरना हे विचारायला शिकवायचं असेल, त्यांच्याकडे मी स्वतः यायला तयार आहे. तेलुगूतले प्रश्नही लिहून देईन. मानधन नको. फक्त वेळ दुपारची ठेवा, सकाळी नातीला शाळेत सोडायचं काम माझ्याकडे आहे. माझा फोन नंबर पत्रासोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो आणि माझं नाव छापू नये, कारण माझ्या नावावरून काही रुग्ण ओळखू येतील.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
सोलापूर